नम्र आवाहन : वसतिगृहातील मुलांसाठी समुपदेशक हवा

सस्नेह नमस्कार.

आपल्या दिव्यांग मुलांच्या वसतिगृहाला गावाने काही कमी पडू दिले नाही. अण्णांनी निवृत्त होताच फंडाच्या पैशांतून पहिल्या खोल्यांवर पत्रे घातले. माईंनी पाटल्या मोडून पाण्याची टाकी बांधून दिली, पण नावाची पाटी लावू दिली नाही. अडत्या मंडळींकडून जोंधळा न मागता येतो. मिस्त्रीकाकांनी रॅम्प बांधला आणि मजुरी विचारली तर रागावले. कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट), कुबड्या, व्हीलचेअर सगळे झाले.

मुलांच्या मनाकडे बघायला मात्र आम्हाला उशीर झाला. गेल्या जूनमध्ये अकरावीला आलेल्या मुलीला म्हटले, "तुझी ओळख सांग." ती म्हणाली, "सर, मी सत्तर टक्के." आम्हाला वाटले, दहावीचे मार्क. ती दिव्यांग दाखल्यावरचा आकडा सांगत होती! गॅदरिंगच्या फोटोत ती कॅलिपर ओढणीखाली झाकून बसली आहे. बेसिनवरचा आरसाही उभ्या माणसाच्या उंचीचा. व्हीलचेअरवरच्या मुलींना त्यात जेमतेम भांग दिसायचा. तो आता खाली घेतलाय.

आपल्या जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये (दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये) पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, हे आम्ही दरवर्षी ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, अभिमानाने सांगतो. यंदा एकाने विचारले, "सर, पदक नाही मिळालं तर मी कुणीच नाही का?" मी गप्प झालो. अशा वेळी शिकलेले, सवयीचे माणूस जवळ लागते. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर भिंतीवर लावलाय, पण फोन एकच, तोही ऑफिसात. सगळ्यांसमोर मनातले कोण बोलणार?

गेल्या दिवाळीत याच कामासाठी पत्रे पाठवली होती. उत्तरे फार थोडी आली. केक घेऊन आलेले एक गृहस्थ म्हणाले, "जेवायला मिळतंय ना यांना, मग?" ते अजून बोचते.

समुपदेशक ताई आठवड्यातून दोन दिवस यायला तयार आहेत. मानधन दरमहा ९,००० रु., जुलै ते मार्च ८१,०००. स्टोअररूम रिकामी करून दार बंद करून बोलता येईल अशी खोली १४,०००. एकूण ९५,०००, जमा २१,५००, कमी ७३,५००. चेक संस्थेच्या नावे, रोख ऑफिसात १० ते १ (रविवार सोडून), पावती लगेच, ३० जूनच्या आत.

पैसे जमत नसतील त्यांनी शनिवारी संध्याकाळी मुलांबरोबर कॅरम खेळायला यावे. फोटो मात्र मुलांना विचारूनच काढावा.

आपला,
सचिव