शिव्यांच्या पलीकडचा पीट बेनेट

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत रिॲलिटी शोच्या विस्मृतीत गेलेल्या विजेत्यांवर लेख होता. त्यात ब्रिटनच्या पीट बेनेटच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या. दोन त्याच्या शिव्यांवर खर्च झाल्या आणि उरलेल्या दोनांत तो ‘प्रसिद्धी न पचल्यामुळे वाया गेला’. पीटसारखाच मलाही टूरेट सिंड्रोम आहे, म्हणजे शरीराला झटके येण्याचा आणि तोंडून आवाज किंवा शब्द आपोआप निघण्याचा मज्जासंस्थेचा विकार, आणि २००६ च्या उन्हाळ्यात मी कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्येच होतो. त्यामुळे गप्प बसवत नाही.

पीट ब्रायटनचा, चोवीस वर्षांचा, ‘डॅडी फँटास्टिक’ नावाच्या बँडचा गायक. ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवरच्या ‘बिग ब्रदर’च्या (आपल्या ‘बिग बॉस’सारखा, स्पर्धकांना एका घरात कोंडून ठेवणारा कार्यक्रम) सातव्या पर्वात तो मे महिन्यात घरात गेला आणि १८ ऑगस्टला जिंकून बाहेर आला. बक्षीस एक लाख पौंड. आपल्या वाचकांना तो कार्यक्रम आठवतो तो शिल्पा शेट्टीमुळे. ती तिथलं सेलिब्रिटी पर्व जिंकली ते त्यानंतर पाचेक महिन्यांनी. पीटला घरात घेतलं तेव्हा, एका मुलाच्या आजाराचा तमाशा मांडलाय का, यावर तिकडे वाद झाला होता. आमच्या ऑफिसातही चहाच्या वेळी हाच विषय. मी त्यात तोंड उघडत नसे. उघडलं असतं तर माझंच बिंग फुटलं असतं.

मला मानेला झटका देण्याची टिक (अशी आपोआप होणारी हालचाल किंवा आवाज) आहे आणि घशातून एक बारीक आवाज निघतो. झटक्याआधी मानेत ताण भरत जातो, झटका दिला की क्षणभर मोकळं वाटतं, आणि पुन्हा तेच. थोडा वेळ दाबून धरता येतं. मीटिंगमध्ये मी घशातला आवाज खोकल्यात मिसळतो, हाताशी पाण्याची बाटली ठेवतो, अगदीच अनावर झालं तर उठून बाथरूममध्ये जातो. दिवसभर असं आवरून धरल्यावर घरी आलं की सगळं एकदम उसळतं. बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती घाबरली होती. ऑफिसला मात्र माझी मान ‘स्पाँडिलायटिस’ची म्हणून माहीत आहे. (तोही आता खरंच झालाय, इतकी वर्षं झटके दिल्यावर मान तरी काय करणार!)

आता बिग ब्रदरचं घर डोळ्यांसमोर आणा. चोवीस तास कॅमेरे, कॉलरला माइक आणि मुक्काम तेरा आठवड्यांचा. बाहेरून येऊन दार लावून घ्यावं, असं घरच तिथे नाही. आमच्यातला कुणीही या कल्पनेनंच हादरेल. आणि तिथे हा मुलगा हसत-नाचत वावरला. झटके आले, आवाज आले, शिवी आली. ती गेली की तो अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचा. आपल्या लेखात त्याच्या ‘धाडसी स्वभावा’चं कौतुक आहे, पण ते धाडस नेमकं कशात होतं हे निसटलं. देशभर बघ्यांसमोर त्यानं स्वतःला न आवरता राहू दिलं, यात होतं.

“मघाशी तर बरा होता, मुद्दाम करतोय,” असं माझे सहकारी म्हणत. टिक अशीच असते. ताणात, थकव्यात आणि उत्साहातसुद्धा वाढते, एखाद्या कामात मन गुंतलं की ओसरते. ‘करू नकोस’ म्हटलं की हमखास येते. लहानपणी शाळेत मी याच कारणासाठी मार खाल्ला आहे.

राहिल्या शिव्या. नको ते शब्द आपोआप तोंडून जाण्याचं लक्षण टूरेट असलेल्यांपैकी सुमारे दहा ते पंधरा टक्क्यांतच दिसतं. मला ते नाही. पीटला ते होतं, म्हणून बातमी झाली. हे काही आजचं नाही म्हणा. ज्यांचं नाव या विकाराला मिळालं, त्या फ्रान्सच्या डॉक्टर जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांची नोंद छापली. त्यातली आजही सांगितली जाते ती उमराव घराण्यातली बाई, कारण ती शिव्या द्यायची. बाकीच्या आठांची नावनिशाणी सामान्य वाचकाला ठाऊक नाही.

जिंकल्यानंतरच्या काळात पीट केटामाइन या अमली पदार्थाच्या आहारी गेला, राहतं घर गेलं, हे त्यानं स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. पण याला ‘वाया गेला’ म्हणणं मला पटत नाही. व्यसनातून बाहेर आल्याचंही त्यानंच सांगितलं, आणि ते आपल्या लेखात नाही. शिवाय तेरा आठवडे ज्याच्या टिकांवर प्रेक्षकसंख्या मिळवली, त्याची पुढे विचारपूस करण्याचं बंधन तेव्हा कुणावर होतं?

ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ‘ऑफकॉम’नं असा नियम आणला तो एप्रिल २०२१ मध्ये : कार्यक्रमात भाग घेतल्यामुळे ज्याला गंभीर इजा पोहोचण्याचा धोका आहे, त्याची योग्य काळजी वाहिनीनं घ्यायची. त्याच महिन्यात पीटसोबत त्या घरात राहिलेली निक्की ग्रॅहम ॲनोरेक्सियाशी (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं टाळण्याच्या आजाराशी) झगडत वयाच्या ३८ व्या वर्षी गेली. तिचा आजार कार्यक्रमाच्या कितीतरी आधीचा, तेव्हा दोष कार्यक्रमाला देत नाही. पण त्या घरात कशा कशा माणसांना घेतलं होतं, हे त्यावरून कळतं.

आपल्याकडेही असली घरं दरवर्षी भरतात आणि आपली मनोरंजन पुरवणी त्यातल्या भांडणांचा रोजचा वृत्तांत देते. बाहेर पडलेल्या स्पर्धकाला समुपदेशक मिळतो का, मिळत असल्यास किती दिवस, आणि त्याचे पैसे कोण देतं, एवढं आपल्या वार्ताहरानं एकदा वाहिन्यांना विचारून छापावं, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
(पत्र छापल्यास नाव देऊ नये. ऑफिसात अजून स्पाँडिलायटिसच चालू आहे.)