काळोख दिग्दर्शकाचा की लॅम्पचा?

महोदय,

सध्या गाजत असलेल्या अद्भुतरम्य चित्रपटाचे तुमच्या अंकातील परीक्षण आणि त्यावर तुटून पडलेली वाचकांची पत्रे, दोन्ही वाचली. परीक्षकाला राक्षस खेळण्यातले वाटले, युद्ध काळोखात बुडालेले वाटले. वाचकांच्या डोळ्यांचे पारणे फिटले. मग परीक्षकाच्या बाजूने वाचकांना भाबडे ठरवले, वाचकांनी परीक्षकाला अरसिक. प्रोजेक्शन, ग्रेडिंग (चित्राचा रंग-उजेड ठरवणे) आणि व्हीएफएक्सच्या (संगणकावर रचलेल्या दृश्यांच्या) कामात असलेल्या आम्हा काही जणांना एवढ्या वादात एक साधा प्रश्न कुठेच दिसला नाही: कोणी कुठे पाहिला? टूडी की थ्रीडी, कोणत्या पडद्यावर, कितव्या रांगेतून? घरगुती गोष्टीच्या चित्रपटाला हे विचारले नाही तरी चालते. चेहरे दिसले, संवाद ऐकू आले, भागले. ज्याची निम्मी गोष्ट गुहेत, ढगांत आणि समुद्राच्या तळाशी घडते, त्याचे तेवढ्यावर भागत नाही.

पडद्यावरून प्रकाश किती परत यावा याचे माप ठरलेले आहे. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजेच चौरस मीटरला ४८ कँडेला (दोन्ही उजळपणाची एकके). कलरिस्ट ज्या खोलीत बसून रंग ठरवतो, तिथला प्रोजेक्टर याच मापाला लावलेला असतो. काळ्या चिलखतातल्या सैनिकाची कड काळ्या आभाळावर कितपत उठावी, गुहेच्या भिंतीवरचे शेवाळ दिसावे की नुसते जाणवावे, हे तो ४८ धरून ठरवतो. थिएटरात २५च मिळाले तर दिवसाचे प्रसंग निभावून जातात, कारण डोळा जुळवून घेतो. सावलीतले बारकावे मात्र एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एकच डाग होतो. महिनोन्‌महिने खपून कोरलेला राजवाडा त्या डागाच्या आत असतो.

थ्रीडीत हे गणित आणखी बिघडते. एकाच प्रोजेक्टरमधून डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रे आळीपाळीने येतात, त्यामुळे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला निम्माच वेळ प्रकाश. त्यातला निम्म्याहून अधिक प्रोजेक्टरपुढची, दोन डोळ्यांचा प्रकाश वेगळा करणारी ध्रुवीकरणाची काच खाते. उरल्यातला थोडा चष्मा घेतो. थ्रीडीसाठीचा, प्रकाश जास्त परतवणारा चंदेरी पडदा यातले काही भरून काढतो, पण मधल्या खुर्च्यांपुरतेच. कडेला बसणाऱ्याला पडद्याची पलीकडची बाजू मंदच दिसते. म्हणून थ्रीडीची प्रत वेगळी, साधारण साडेचार फूट-लॅम्बर्ट धरून ग्रेड करतात. करतात म्हणजे करायला हवी. प्रदर्शनाची तारीख पोस्टरवर आधीच छापलेली असते, आणि उशीर झाला की पहिली कात्री याच कामाला लागते. मग टूडीसाठी केलेले ग्रेडिंग थोडेसे उजळवून थ्रीडीत ढकलले जाते आणि रात्रीचे युद्ध चष्म्याआड नाहीसे होते.

दुसरी खोड याहून साधी आहे. थ्रीडीचा शो संपला आणि त्याच पडद्यावर टूडीचा लागला, तर प्रोजेक्टरपुढची ही थ्रीडीची काच बाजूला करावी लागते. दोन शोंमध्ये वीस मिनिटे, एका ऑपरेटरकडे पाच-सहा पडदे, आणि सगळे काम सर्व्हरवर वेळ लावून आपोआप चालणारे. काच तशीच राहिली तर बिनचष्म्याच्या प्रेक्षकाचाही निम्म्याहून जास्त प्रकाश जातो. थ्रीडीसाठी जोडभिंग लावणारे प्रोजेक्टर असतात तिथे हे ओळखता येते: टूडीचा शो चालू असताना मागे वळून केबिनच्या काचेकडे पाहावे, एकावर एक दोन झोत दिसले तर थ्रीडीचे भिंग उतरवलेले नाही.

तिसरी गोष्ट लॅम्पची. प्रोजेक्टरमधला झेनॉन वायूचा लॅम्प एकदम जात नाही, रोज थोडा थोडा मंदावतो. ऑपरेटर विद्युतप्रवाह वाढवत त्याला ओढत नेतो, आणि एक दिवस वाढवायला काही उरत नाही. मोठ्या पडद्याला जास्त वॅटेजचा लॅम्प लागतो आणि जास्त वॅटेजचे आयुष्य कमी, सर्वांत मोठ्यांचे ५०० तासांच्या आसपास. रोज तीन-तीन तासांचे पाच शो धरले तर १५ तास, म्हणजे महिनाभरात लॅम्प संपला. तो महागडा असल्यामुळे मुदतीनंतरही चालवण्याचा मोह प्रत्येक मॅनेजरला होतो. लेझर प्रोजेक्टर हजारो तास टिकतो, पण मंद तोही होतो. लेझर आले म्हणून मीटर लावून मोजणेच बंद झाले, असे मात्र होऊ नये. केबिनची काच पुसलेली नसणे आणि पायऱ्यांचे दिवे पडद्यावर सांडणे हे किरकोळ वाटते. पण चांगल्या प्रोजेक्टरचा काळा रंग पांढऱ्याच्या सुमारे दोन हजारांश भाग एवढाच उजळ असतो. पुढच्या रांगेत कोणी मोबाइल उघडला की तो काळा राखाडी झालाच.

आता भव्यतेची थट्टा पाहा. असे चित्रपट बहुतेक स्कोपमध्ये, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट अशा चौकटीत करतात. जुन्या एकपडदा थिएटरांत स्कोप लागला की बाजूचे काळे पडदे सरकत आणि चित्र रुंदावे, प्रेक्षक तिथेच सावरून बसत. मुंबईतल्या अनेक मल्टिप्लेक्सचा पडदा मुळात १.८५च्या, म्हणजे घरगुती चित्रपटांच्या कमी रुंद चौकटीच्या आकाराचा आहे. त्यावर स्कोप बसवायचा तर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात आणि चित्राची उंची जवळजवळ २३ टक्क्यांनी घटते. म्हणजे त्याच पडद्यावर सासू-सुनेची गोष्ट मोठी दिसते आणि देवासुरांचे युद्ध छोटे. त्या पट्ट्या झाकायला मास्किंगचे काळे कापडही हल्ली लावत नाहीत, त्या राखाडी चमकत राहतात. चित्रपटाची आयमॅक्ससाठी १.९०ची उंच प्रत निघाली असेल, तर चर्चगेटचे इरॉस २०२४ मध्ये आयमॅक्स होऊन पुन्हा उघडले आहे, तिथे पाहणाऱ्याला सगळी चौकट मिळते. तेच दृश्य स्कोपमध्ये पाहणाऱ्याच्या चौकटीचा वरखालचा मिळून पाचवा हिस्सा कापलेला असतो. दोघांनी ‘दरबाराचे दृश्य’ याबद्दल वाद घालणे जरा अवघडच.

खुर्चीचेही तेच. पडद्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतरावर बसले तर चित्र नजरेचा ३६ अंशांचा भाग व्यापते, त्याहून मागे भव्यपणा ओसरत जातो. सर्वांत महाग, आडवे होण्याच्या खुर्च्या नेमक्या शेवटच्या रांगेत असतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. मिक्सिंगच्या (सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या) वेळी प्रोसेसरचा, म्हणजे आवाज लहान-मोठा करणाऱ्या यंत्राचा आकडा ७ वर असतो. थिएटरात कोणी तक्रार केली की तो ५ वर येतो आणि तिथेच राहतो. दोन आकडे म्हणजे सुमारे साडेसहा डेसिबल. स्फोट तरीही ऐकू येतात, हळू आवाजातले संवाद बुडतात. मूळ दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत पाहणाऱ्याच्या वाट्याला याशिवाय डबिंग येते. ओठ मिटतात तिथे प, ब, म यांपैकी काही यावे लागते, त्यापायी लेखक वाक्ये वाकडी करतो, आणि परीक्षणात ‘संवाद कृत्रिम’ असा शेरा मूळ लेखकाच्या नावावर पडतो.

मग सगळा दोष थिएटरांचा का? मुळीच नाही. परीक्षकाला राक्षस खेळण्यातला वाटला असेल तर ते कोणत्याही लॅम्पने सुधारणारे नाही, आणि त्याचे कारण वजनात आहे. वस्तू खाली पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सहा फुटी माणसाचा उचललेला हात अर्ध्या सेकंदात खाली येत असेल, तर साठ फुटी राक्षसाचा यायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ हवा, कारण १० चे वर्गमूळ ३.१६. जुन्या काळी लहान प्रतिकृतींचे चित्रण कॅमेरा जास्त वेगाने फिरवून करत, तेही याच हिशेबाने. पण साठ फुटी राक्षस खरोखर इतका संथ हलला तर मारामारी रंगत नाही. मग ‘जरा फास्ट करा’ अशी सूचना येते. ॲनिमेटर वेग वाढवतो आणि त्याच क्षणी डोळा त्या देहाची उंची सहा फुटांवर आणून ठेवतो. कातडीवरची प्रत्येक सुरकुती खरी असली तरी काही उपयोग होत नाही. पाण्याचेही असेच आहे: राक्षसाने समुद्रातून डोके वर काढले आणि अंगावरून ओघळणारे थेंब त्याच्या डोक्याच्या मानाने टपोरे दिसले, की समुद्राची बादली झाली.

बाकीच्या खुणा नटाला ग्रीन मॅटपुढे (हिरव्या पडद्यापुढे, मागचे दृश्य नंतर जोडण्यासाठी) उभे करून केलेल्या शॉटमध्ये सापडतात. पाय जमिनीला टेकतो तिथे बारीक, गडद सावली हवी, ती नसली की माणूस तरंगतो. मागच्या आभाळात सूर्य डावीकडे आणि नटाच्या नाकाची सावलीही डावीकडे, हे तर अजूनही दिसते. चित्रीकरणाच्या दिवशी मागे कोणते आभाळ येणार हेच ठरलेले नसेल तर दिवे लावणारा तरी काय करणार? मग कॉम्पोझिटिंगवाला, म्हणजे हे तुकडे एकत्र जोडणारा, सगळ्यावर धूर, पाऊस आणि ठिणग्या टाकून सांधे झाकतो. पावसातल्या रात्रीच्या युद्धांचे एवढे पेव का फुटले आहे, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे.

वेळेचा हिशेब असा. अडीच तासांच्या चित्रपटात सेकंदाला २४ प्रमाणे २,१६,००० चौकटी, म्हणजे सुटी चित्रे. दहा सेकंदांच्या एका अवघड शॉटच्या २४०. एक चौकट तयार करायला एका संगणकयंत्राला चार तास लागतात असे धरा, तर ९६० तास, म्हणजे एकच यंत्र चाळीस दिवस. शंभर यंत्रांवर दहा-बारा तासांत होईल, पण दिग्दर्शकाने राक्षसाचे शिंग बदलायला सांगितले की पुन्हा पहिल्यापासून. गोष्ट कागदावर पक्की न करता शेवटच्या दोन महिन्यांत शिंगे बदलत राहिली की पैसा पडद्यावर दिसत नाही, तो फेऱ्यांत जातो. परीक्षकाला पडलेला ‘एवढा खर्च कशावर केला’ हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे.

प्रेक्षकांना भाबडे म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. कोकणातल्या दशावतारात (रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्यात) एक लाकडी बाकडे सिंहासन होते, रथ होते आणि गरज पडली तर पर्वतही, आणि कोणी हरकत घेत नाही. कारण बाकड्याचा करार पहिल्याच प्रवेशात झालेला असतो आणि पहाटेपर्यंत पाळला जातो. प्रेक्षक चित्रातले खोटे मुकाट्याने स्वीकारतो, बदलते खोटे स्वीकारत नाही. एका प्रसंगात कातडीची छिद्रे दाखवणारा आणि पुढच्यात रंगवलेल्या पडद्यासारखा दिसणारा चित्रपट स्वतःचाच करार मोडतो. ज्यांना ती मोड जाणवली ते चिडले. ज्यांचे कथेतल्या देवाशी आधीपासूनचे नाते होते, त्यांनी ती सांभाळून घेतली. ‘व्हीएफएक्स बरे आहेत’ या एका ओळीत हे काहीच मावत नाही. संकल्पचित्रे उत्तम आणि हालचाल कच्ची, किंवा हालचाल उत्तम आणि प्रकाश चुकलेला, इतपत तरी वेगळे करून लिहावे.

तुमच्याकडे एक मागणी आहे. चित्रपटाच्या परीक्षणाखाली तारकांच्या शेजारी एक ओळ छापा: टूडी की थ्रीडी, कोणती भाषा, कोणत्या प्रकारचा पडदा, पत्रकारांसाठीचा खास खेळ की तिकिटाचा. थिएटरांनी शेवटचे प्रकाशमापन कोणत्या तारखेला केले आणि किती आले, हे तिकीटखिडकीशी लावायला खर्च येत नाही. आणि प्रेक्षकांनो, चित्र काळपट वाटले तर मध्यंतराची वाट पाहू नका. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन मॅनेजरला ‘चित्र नीट नाही’ असे मोघम सांगू नका, ‘टूडीच्या शोला थ्रीडीची काच राहिली आहे का ते बघा’ असे विचारा. काच काढायला मिनिटही लागत नाही.

– प्रोजेक्शन व व्हीएफएक्स क्षेत्रातील काही वाचक, अंधेरी, मुंबई