पाय मोडला, मग डोकं का बिघडलं?

कोल्हापूर

चि. रोहित,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका तापला होतास की मी गप्पच बसले. म्हणून लिहिते. पूर्ण वाच आणि तोवर दवाखान्याच्या नावाने तो व्हिडिओ टाकू नकोस.

मांडीचं हाड मोडलेला मावशीचा पोरगा बोलत बोलत दवाखान्यात गेला आणि दुसऱ्या रात्री आईलाच ओळखेना, म्हणजे डॉक्टरांनी घोळ केला, असं तुझं म्हणणं. अख्खी गल्ली हेच म्हणतेय. कुणी म्हणतं इंजेक्शन चुकलं, कुणी म्हणतं डोक्याचा मार लपवला. अरे, मी हाडांच्या वॉर्डात नोकरी काढली. हे मी पाहिलंय.

मांडीच्या हाडाच्या पोकळीत मज्जा असते. मटणातली नळी ताटावर ठोकून तू चोखतोस, तेच. मोठ्या माणसात ती बहुतेक चरबीच. हाड मोडलं की तिचे बारीक थेंब फाटलेल्या शिरांतून रक्तात शिरतात आणि फुफ्फुसात जाऊन अडकतात. काही तिथूनही निसटून मेंदूपर्यंत पोचतात. चारातल्या साधारण एकाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र पुरतं बुजलेलं नसतं. एरवी त्याचं काही अडत नाही, पण चरबीला तो आडरस्ता मिळतो. शिवाय या चरबीतून सुटणारी आम्लं रक्तवाहिन्यांना सूज आणतात. म्हणून माणूस आधी बरा दिसतो आणि २४ ते ७२ तासांत बिघडतो: श्वास वाढतो, ऑक्सिजन उतरतो, बडबड सुरू होते, मग गुंगी. याला फॅट एम्बोलिझम सिंड्रोम म्हणतात. थेंब मोठ्या फ्रॅक्चरमध्ये बहुतेकांच्या रक्तात जातात, आजार मात्र मोजक्यांनाच होतो. आपल्याच पोराला का, याचं उत्तर कुणाकडे नाही.

बिल वाढवायला काढलेलं हे नवीन खूळ नव्हे. १८६२ साली झेंकर नावाच्या जर्मन डॉक्टरने चिरडलेल्या रेल्वे कामगाराच्या फुफ्फुसात ही चरबी पाहिली होती.

सिटी स्कॅन स्वच्छ आला आणि तिथेच मावशीचा विश्वास उडाला. पण या आजारात तो बऱ्याचदा स्वच्छच येतो. एमआरआयमध्ये मेंदूभर पांढरे ठिपके दिसले, काळ्या आभाळात चांदण्या असाव्यात तसे. काखेत आणि पापणीच्या आत बारीक लाल पुरळही होती. ती पुष्कळांत दिसतही नाही. आपल्या सिस्टरने पापणी उलटून पाहिली, हे मला आवडलं.

आता ऑपरेशनचं. हाड लवकर बसवलं तर धोका कमी होतो, हे खरं. पण हाडात रॉड घालतानाही मज्जा दाबली जाऊन चरबी सुटते, त्यामुळे ऑक्सिजन उतरलेल्या पोराला घाईने टेबलावर घेत नाहीत. आणि ही चरबी विरघळवणारं औषध नाही. ऑक्सिजन, गरज पडली तर व्हेंटिलेटर, रक्तदाब सांभाळणं, बस्स. ‘फक्त सपोर्ट देतोय’ हे ऐकून मावशीला वाटलं, काहीच करत नाहीत. तेच करायचं असतं.

राग काढायचाच तर त्या रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर काढ. आणि तुझ्या दोस्तांवर. कळ्यापासून फुलेवाडीपर्यंत छोट्या हत्तीत, पाय मोकळा ठेवून, खड्ड्यांतून आणला त्याला! १०८ ला फोन करून फळी बांधेपर्यंत थांबायचं होतं. मोडलेलं हाड जितकं हलेल, तितकी चरबी सुटते. पोरांनी जिवाच्या आकांताने आणलं, मला कळतं, पण एकदा त्यांना बसवून सांग.

आता व्हेंटिलेटर निघालाय. ओळखतो, पण शब्द सापडत नाही, सकाळचं दुपारी विसरतो. बहुतेक पेशंट काही आठवड्यांत, काही महिन्यांत सावरतात. मावशीला मी ‘बहुतेक’च म्हणाले, ‘सगळे’ नाही. तूही तेवढंच म्हण.

शनिवारी येशील तेव्हा ‘मला ओळखलंस का’ अशी परीक्षा घेऊ नकोस. शाहू स्टेडियमवरच्या मॅचचं सांग, पण एका वेळी एकच गोष्ट, आणि उत्तराला वेळ दे. मोबाईल लावून ठेवू नकोस, त्याला गोंगाट सोसत नाही. मावशी नीट झोपलेली नाही. डबा मी पाठवते, रात्रीची पाळी तू घे.

तुझी
आई