झोंबीच्या रक्ताला साखरेचा पाक

मा. संपादक,
स. न.

सोलापुरात मोबाइलवर भयपट करणारी कॉलेजची मुलं झोंबी म्हटलं की आधी अॅपमधले इफेक्ट शोधतात. त्यांनी १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ एकदा बारकाईने पाहावा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोंनी तो अमेरिकेत पिट्सबर्गजवळ सव्वा लाख डॉलरच्या आत उरकला. चित्रपट कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चाललं. ते गडद दिसतं आणि अंगावरून पटकन ओघळत नाही. ऐनवेळी नाव बदललं, तेव्हा पडद्यावरच्या नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि अमेरिकेतल्या त्या वेळच्या कायद्याने चित्रपट सर्वांना खुला झाला. निर्मात्यांवर हा अन्यायच, पण फुकट मिळाल्यामुळे तो जिथे तिथे दाखवला गेला. संथ चालीने घराला वेढा घालणारी, माणसं खाणारी प्रेतं त्यातूनच रुजली. आपल्या ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाची (२०२२) मुळंही तिथवर जातात.

रंगीत चित्रणात मात्र चॉकलेट चिखलासारखं दिसतं. त्यासाठी दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी पाच मिनिटं उकळा आणि चार-पाच थेंब लिंबू पिळा, नाहीतर गार झाल्यावर पाक पुन्हा साखर धरतो. मग चमचाभर खायचा लाल रंग. अर्धा चमचा कोको आधी कोमट पाण्यात कालवून घाला. कोरडा टाकला तर गुठळ्या होतात. कोकोशिवाय हे रक्त सरबतासारखं पारदर्शक दिसतं. रंगाचे डाग निघत नाहीत, कपडे टाकाऊच घ्या.

जखमेसाठी लॅटेक्सचा (मेकअपच्या पातळ रबराचा) पातळ थर, त्यावर टिश्यू पेपर, वर पुन्हा लॅटेक्स. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. भुवयांना आधी व्हॅसलीन, नाहीतर काढताना केस उपटतात. आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहा, खाज आली तर वापरू नका. आपल्याकडे एप्रिल-मेच्या घामाने कडा सुटतात, तेव्हा गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आसपासची थंडी गाठलेली बरी.

सगळ्यात महत्त्वाची झोंबींची चाल. पंधरा जण एकसारखे लंगडले की कवायत वाटते. एकाचा घोटा वळलेला, दुसऱ्याचा खांदा पडलेला, तिसरा नुसताच दाराकडे बघत उभा, असं प्रत्येकाला वेगळं वाटून द्या. रात्री रस्त्यावर चित्रीकरण असेल तर पोलीस ठाण्यात आणि गल्लीतल्या घरी आधी सांगून ठेवा.

– एक चित्रपटप्रेमी वाचक, सोलापूर