भास्कर पहिला, भास्कर दुसरा आणि तू

चाळीसगाव,
कार्तिक पौर्णिमा

प्रिय भास्कर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या नातीचा निबंध काल रात्री व्हॉट्सअॅपवर मिळाला. दोनदा वाचला. पोरीचं अक्षर सुरेख आहे, आणि शून्याबद्दल तिनं लिहिलंय ते कुठून उतरवल्यासारखं वाटत नाही. एका वाक्यावर मात्र थांबलो : ‘भास्कराचार्यांनी इ.स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिले आणि ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला.’ दोन्ही सनं बरोबर आहेत. पण मध्ये ५२१ वर्षं गेली, तेव्हा ही माणसं दोन. तिला रागावू नकोस. नाव एकच दिसलं, तिनं जोडून टाकलं. मोठमोठी माणसंही तेच करतात.

फोनवर सांगून झालं असतं, पण हा विषय तुझ्याशी पत्रातूनच बोलावासा वाटला. पाचवीत आपल्या वर्गात दोन भास्कर होते. हजेरी घेताना गुरुजी तुला ‘भास्कर दोन’ म्हणायचे. दुसरा भास्कर सातवीत गाव सोडून गेला, तरी तुझा ‘दोन’ काही सुटला नाही. तू वहीवर वडिलांचं नाव ठळक लिहायचास, ते मला अजून आठवतं.

या दोन गणितींचं उलटं झालं. तिथे धाकट्याचं नाव एवढं मोठं झालं की थोरला त्याच्या सावलीत गेला. धाकटा म्हणजे लीलावतीवाला, शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. त्यानं आपला जन्मशक स्वतःच श्लोकात घालून ठेवलाय : ‘रसगुणपूर्णमही’. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उजवीकडून वाचलं की १०३६. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ पुरा केला, हेही तिथेच सांगितलंय. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं, विज्जडविड, एवढं तो सांगतो. ते नेमकं कुठलं यावर पंडितांचा वाद आजही मिटलेला नाही.

थोरल्यानंही काळ सांगून ठेवला, पण त्याची रीत बघ. भाष्यात तो म्हणतो की कल्पाच्या आरंभापासून १९८६१२३७३० वर्षं लोटली. शेवटचे चार आकडे, ३७३०, ही कलियुगाची वर्षं. त्यावरून इ.स. ६२९ निघतं. एवढा लांबलचक आकडा त्यानं लिहिला नसता, तर आज त्याला काळात नेमका कुठे बसवायचा हा प्रश्नच राहिला असता. महाभास्करीय, लघुभास्करीय आणि आर्यभटीयाचं भाष्य, एवढं त्याचं काम हाती आहे. या पोथ्या टिकल्या त्या मुख्यतः केरळात. पहिले दोन ग्रंथ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमानं छापले, हे सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो.

आता नातीला पाटी-पेन्सिल घेऊन बसव. थोरल्याच्या महाभास्करीयात कोनाची ‘ज्या’ (शाळेतलं साइन) काढायची एक रीत आहे, कोष्टक न बघता. कोन घे ३० अंशांचा. १८० मधून वजा केला की १५०. दोघांचा गुणाकार ४५००. त्याची चौपट १८०००. आता ४०५०० मधून ते ४५०० वजा कर, उरले ३६०००. अठरा हजाराला छत्तीस हजारानं भाग. नेमकं अर्धं! ९० अंश घेतले तर नेमका एक येतो. ४५ ला ०.७०५९ येतं, खरं उत्तर ०.७०७१. सातव्या शतकातली रीत आहे ही. मी शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि हे मला निवृत्तीनंतर कळलं, याची हळहळ वाटते. मुलांना फळ्यावर करून दाखवलं असतं तर किती डोळे चमकले असते!

आणि खरी गंमत पुढे आहे. लीलावतीत वर्तुळाच्या जीवेसाठी एक श्लोक आहे, ‘चापोननिघ्नपरिधिः प्रथमाह्वयः स्यात्’. परिघातून चाप वजा करून चापानंच गुणायचं, आणि त्या गुणाकाराला ‘प्रथम’ म्हणायचं. पुढची आकडेमोड मांडून बघ, ही तीच रीत निघते, फक्त ज्येऐवजी जीवेची. ब्रह्मगुप्ताकडेही ती आहे, म्हणून धाकट्यानं थेट थोरल्याकडून घेतली असं मी म्हणणार नाही. पण लीलावतीच्या त्या ओळीत ‘प्रथम’ हा शब्द दिसला आणि मला एकदम तो पहिला भास्कर आठवला. पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

मागच्या आठवड्यात इथल्या जवळच्या पाटणादेवीला जाऊन आलो. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाडांना (त्यांचं खरं नाव रामचंद्र विठ्ठल) तिथल्या भवानीच्या देवळातला शिलालेख सापडला आणि १८६५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. शके ११२८ चा. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे : त्रिविक्रम, मग भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपला भास्कर. म्हणजे घरातच पाच पिढ्या आधी एक भास्कर होऊन गेला होता! भोजराजानं त्याला ‘विद्यापती’ म्हटलं, असं शिलालेख सांगतो. पूर्वजाचं नाव पुन्हा ठेवायचं, ही आपल्याकडची रीत तेव्हाही होती.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं तिथे मठ उभारला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेख बहुतेक संस्कृत, पण शेवटी एकदम आपली भाषा येते : ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’. या पाटणात जो माल विकायला निघेल, त्यावरचा वाटा मठाला. आठशे वर्षांपूर्वीचा आपल्या खानदेशातला बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो.

तिथे एक गृहस्थ मुलांना सांगत होते की वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले चांगदेव ते हेच. मी त्यांना बाजूला घेऊन हलकेच सांगितलं. ते योगी चांगदेव तापीकाठचे, ‘चांगदेव पासष्टी’ ज्यांच्यासाठी झाली ते. हा चांगदेव ज्योतिषी, सिंघण यादवाच्या दरबारचा. आणि महानुभावांचे चांगदेव राऊळ आणखी वेगळे. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलांना परत बोलावून दुरुस्त सांगितलं. मला फार बरं वाटलं.

आर्यभटही दोन आहेत, पण ते पुढच्या पत्रात. निबंधात अजून एक भर घालायला सांग. १९७९ आणि १९८१ मध्ये आपले ‘भास्कर’ नावाचे दोन उपग्रह आकाशात गेले. त्यांच्या नावापुढचा एक आणि दोन वाचताना पोरांना दोन माणसं आठवली पाहिजेत.

थंडी सुरू झाली आहे. दिवाळीची सुट्टी राहिली असेल तर नातीला घेऊन ये. चाळीसगावला उतरा, मी स्टेशनवर येतो. सकाळी लवकर निघून पाटणादेवी करू, देवळात तो शिलालेख तिला दाखवू. येताना तिची वही आण, ४५ अंशांचं गणित तिनं स्वतः केलेलं मला बघायचंय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुकुंदा