शिरवळच्या गॅरेजवाल्या मामांना जाहीर धन्यवाद

मामा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे लेखी. आणि जाहीर अशासाठी की सीएनजी गाडी घाटात झटके मारते म्हणून थेट कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) बदलायला निघालेले लोक पुष्कळ भेटतात.

माझ्या गाडीचं दुखणं तुम्हाला आठवत असेल. पुण्यातून निघाल्यावर सपाटीला काहीच तक्रार नाही. खंबाटकी घाट लागला, तिसऱ्या गिअरला जरा रेस दिली की मिसिंग, म्हणजे झटके, सुरू. पेट्रोलवर टाकली की परत सुरळीत. एका गॅरेजने यावर चारही कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग आणि किटची सर्व्हिस असा लांबलचक कागद हातात दिला होता. तुम्ही बोनेट उघडायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्यात: "सपाटीला होतं का? पेट्रोलवर होतं का?" आणि मग म्हणालात, "आधी प्लग बघू, कॉइल कुठं पळून जात नाही."

इंजिन थंड होईपर्यंत मला बसवून ठेवलंत, तेव्हा खरं सांगायचं तर मी वैतागलो होतो. गरम अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे गेले तर काय खर्च बसतो, हे तुम्ही सांगितल्यावर गप्प झालो.

चारही प्लग फडक्यावर सिलिंडरच्या क्रमाने मांडलेत. प्लगच्या नंबराच्या शेवटी ११, म्हणजे त्या प्लग कंपनीच्या हिशेबाने ग्याप, म्हणजे मधल्या आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडमधली ठिणगी उडायची फट, १.१ मिलिमीटर. ती मापायला तुम्ही पात्यांचा फिलर गेज बाजूला ठेवून तारेचा काढलात. जुन्या प्लगच्या बाहेरच्या इलेक्ट्रोडला खळगा पडलेला असतो, चपटी पाती त्याच्यावरून नुसती सरकते आणि ग्याप आहे त्यापेक्षा कमी दाखवते, हे मला ठाऊकच नव्हतं. तारेने मापल्यावर १.३ च्या आसपास निघाला. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडाही गोल झालेल्या, आणि ठिणगीला तर धारदार कडा लागते. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर एक बारीक काळी उभी रेघ होती. तुम्ही नखाने दाखवलीत: ठिणगी ग्यापमधून उडायचं सोडून बाहेरच्या बाहेर प्लगच्या बॉडीला जात होती.

मग जे समजावलंत ते मी आता सगळ्यांना सांगत फिरतो. चढाला आपण रेस देतो, सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो आणि तेवढ्याच ग्यापमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅसला ते पेट्रोलपेक्षाही जास्त लागतं. त्यात ग्याप झिजून वाढलेला. कॉइल जेवढं देऊ शकते ते कमी पडतं, मग करंट मिळेल ती सोपी वाट धरतो. असंच बरेच दिवस चाललं तर जादा ताणाने कॉइल खरंच जाते. म्हणजे तो लांबलचक कागद काही महिन्यांनी खरा ठरला असता!

"मग ०.५ च करून टाका ना," असं मी म्हणालो त्यावर तुमचं हसणं अजून आठवतं. बारीक ग्यापची ठिणगी हमखास उडते, पण तिच्या आवाक्यात मिश्रण कमी येतं आणि नुकती धरलेली ज्योत दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोडच गार करून टाकतात. मग सिग्नलला गाडी थरथरणार, आणि पेट्रोलवर चालवली की प्लगला काजळी धरणार. म्हणून तुम्ही नवे प्लग ०.८ ला लावलेत. बाहेरचा इलेक्ट्रोड लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच टेकवत, परत परत मापत. मधल्याला हात नाही. नवा प्लगसुद्धा खोक्यातून काढला आणि बसवला असं नाही, प्रत्येक मापलात. तिसऱ्या प्लगवरची रबरी टोपी बदललीत, आटे हाताने धरवलेत आणि पाना शेवटीच लावलात. कॉइल जुन्याच राहिल्या. बिल बघून मला वाटलं काहीतरी लिहायचं राहिलंय.

इरिडियमचे महागडे प्लग टाकू का विचारलं तेव्हा नको म्हणालात. त्यात तुमचा धंदाच झाला असता, तरी नको म्हणालात. वर बजावलंत की कधी टाकलेच तर त्याच्या सुईसारख्या टोकाला गेज घासायचा नाही, तुटतं ते.

आता खंबाटकी गॅसवरच चढतो, ट्रकमागे तिसऱ्या गिअरला अडकलो तरी ठसका नाही. पेट्रोलवर सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. दहा हजार किलोमीटरला ग्याप परत बघायला आणायला सांगितलंय, तेव्हा येईनच.

त्याआधी एक काम. माझ्या मेहुण्याची टर्बो पेट्रोल गाडी आहे. ग्याप वाढवला की पिकअप वाढतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय. टर्बोला दाब मुळातच जास्त, तिथं कंपनीने ग्याप कमी दिलाय तो उगाच नाही, हे मी सांगून बघितलं. माझं तो ऐकत नाही. रविवारी सकाळी लवकर पाठवतो, तुमच्या दारात गाडी थंड होईपर्यंत बसू दे त्याला.

तुमचा,
घाटात झटके मारणाऱ्या पांढऱ्या गाडीवाला