ठाणे स्टेशनवरच्या त्या चौघांना

आम्ही १९७२ च्या जुन्या अकरावीची मंडळी. आता सगळे सत्तरीपार. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तलावपाळीला, गडकरी रंगायतनसमोर जमतो.

गेल्या रविवारी आमचा एक वर्गमित्र डोंबिवलीहून येताना ठाणे स्टेशनच्या जिन्यात घाम येऊन मटकन खाली बसला. ऑफिसची बॅग लावलेल्या दोन मुलांनी त्याला धरलं. एका ताईंनी आधी विचारलं, "काका, डायबेटिस आहे का? इन्सुलिन घेता?" तो शुद्धीवर आहे, गिळू शकतोय हे बघून त्यांनी पाण्यात साखर ढवळून हळूहळू पाजली. साखर उतरली होती, हे त्यांनी ओळखलं म्हणून वाचलं सगळं. त्यांनी १०८ ला फोनही लावला होता.

त्याचा मोबाईल लॉक होता. पण खिशात आम्ही सगळ्यांनी ठेवलेलं कार्ड होतं: औषधं, रक्तगट, तीन मित्रांचे नंबर. (तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या खिशातही असं कार्ड ठेवाच.) त्यातला एक नंबर माझा. आम्ही स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून धावत, म्हणजे जमेल तसं, पोचलो, तोवर ती मुलं त्याच्याशी गप्पा मारत बसली होती. पुढे रिक्षावाल्या दादांनी दवाखान्यापर्यंतचं भाडं घेतलं नाही.

गडबडीत नावं विचारायची राहिली, याची फार रुखरुख आहे. तो आता बरा आहे. चौघांचे मनापासून आभार. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तलावपाळीला या, तो स्वतः चहा पाजणार आहे.